थट्टा थोरांची

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

इंग्रजीतील विनोदी अद्भुत कादंबऱ्या वाचणारा विद्यार्थी म्हणजे वेळ दवडणारा विद्यार्थी, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. त्यातून त्या कादंबऱ्यांत देवादिकांची थट्टा असेल, तर मग बोलायलाच नको. ‘परक्यांच्या देवांची टिंगल वाचून तुला मिळते तरी काय?’ हा प्रश्न मला घरी, दारी आणि वाचनालयाच्या टेबलापाशी अनेकदा विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांच्या वयाचा मान राखून माझे उत्तर एवढेच आहे की, मला त्यातून राम जोशी मिळाले. आपल्या सोलापूरचे राम जोशी. हे उत्तर ऐकून चेहऱ्यावर जे प्रश्नचिन्ह उमटते, त्याच्यासाठी हा लेख.

ज्या मालिकेविषयी मी बोलते आहे, तिचा कर्ता रिक रायर्डन. हा पूर्वाश्रमीचा शाळामास्तर. मुलाला झोपताना सांगितलेल्या ग्रीक पुराणातल्या गोष्टींतून त्याची ‘पर्सी जॅक्सन’ ही मालिका उभी राहिली आणि तिचे पहिले पुस्तक २००५ साली निघाले. पुढे हा गृहस्थ उत्तरेकडे, म्हणजे नॉर्वे-आइसलंडकडच्या जुन्या देवांकडे वळला आणि २०१५, २०१६ व २०१७ अशा लागोपाठच्या तीन वर्षांत त्याने ‘मॅग्नस चेस’ या मालिकेचे तीन भाग लिहिले. मॅग्नस हा बॉस्टनच्या रस्त्यांवर राहणारा सोळा वर्षांचा बेघर मुलगा. कादंबरीचा नायक शेवटी मेला तर आपण डोळे पुसतो. हा नायक सुरुवातीलाच मरतो आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते! रणात पडलेल्या वीरांचा जो स्वर्ग, ‘वल्हाला’, ते येथे एक भलेमोठे हॉटेल आहे. तेथे दिवसभर एकमेकांना मारायचे, मरायचे आणि रात्रीच्या पंगतीला धडधाकट हजर व्हायचे. मॅग्नसची तलवार अखंड बडबडते. त्याचा एक मित्र बुटक्या लोकांतला आहे, त्याला कपड्यांच्या नव्या तऱ्हांचे वेड. दुसरा यक्षासारख्या जातीचा. तो बहिरा आहे आणि हातांच्या खुणांनी बोलतो. आणि गडगडाटाचा देव थॉर? त्याचा तो जगप्रसिद्ध हातोडा हरवला आहे, आणि त्यात त्याचे मोठे दुःख असे की, त्या हातोड्यावर तो दूरदर्शनच्या मालिका बघत असे.

ही मालिका निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तिन्ही भागांचा साचा एकच आहे. एक वस्तू हरवते, ती शोधायला निघायचे, वाटेत राक्षस भेटायचे, जगबुडी एका दिवसावर येऊन ठेपायची. शिवाय अमेरिकेतल्या दुकानांवर आणि गाण्यांवर केलेले कित्येक विनोद आपल्याला लागूच होत नाहीत, आणि आणखी वीस वर्षांनी ते तिकडच्यांनाही लागतील की नाही याची मला शंका आहे. पण हसता हसता मी मूळ कथांपर्यंत गेले आणि तेथे एक गंमत हाती लागली. मला वाटत होते की गंभीर देवांना रायर्डनने हास्यास्पद केले. प्रत्यक्षात ते देव आधीपासूनच तसे होते.

थॉरचा हातोडा हरवण्याची गोष्टच घ्या. एड्डा नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या काव्यांत ती आहे. थ्रिम नावाचा राक्षस हातोडा चोरतो आणि अट घालतो की, फ्रेया ही देवी मला बायको म्हणून द्या, मग हातोडा परत देतो. फ्रेया संतापते. तेव्हा सर्व देव सभा भरवून ठरवतात की, थॉरलाच नवरी करून पाठवायचे. नवरीचा वेष चढवलेला, दाढीवर ओढणी घेतलेला तो महाबली आणि पाठराखीण म्हणून कळलाव्या लोकी, अशी वरात राक्षसाच्या घरी जाते. तेथे नवरी एक अख्खा बैल आणि आठ मोठे मासे फस्त करते, वर मधाच्या मद्याची तीन पिंपे रिचवते. नवरदेव चकित! लोकी शांतपणे सांगतो, ‘लग्नाच्या ओढीने आठ रात्री तिच्या पोटात काही गेले नाही हो!’ नवरा ओढणी वर करून पाहतो तो नवरीचे डोळे निखाऱ्यासारखे. त्यालाही उत्तर तयार आहे: आठ रात्री झोप नाही. शेवटी लग्नाला आशीर्वाद म्हणून हातोडा आणून नवरीच्या मांडीवर ठेवतात आणि मग पुढे जे व्हायचे ते होते. रायर्डनने दुसऱ्या भागात हाच प्रसंग पुन्हा रचला आहे. पण जुन्या काव्याहून तो अधिक विनोदी झाला आहे असे मला वाटत नाही.

आणखी एक कथा आहे. थॉर राक्षसांच्या राजाकडे पाहुणा जातो. तेथे त्याला शिंगातले पेय पिऊन संपवायला सांगतात, ते संपत नाही. मांजर उचलायला सांगतात, त्याचा एकच पंजा उचलला जातो. एका म्हातारीशी कुस्ती लावतात, तर ती याला गुडघ्यावर आणते. मागाहून कळते की शिंगाचे टोक समुद्रात होते, मांजर म्हणजे पृथ्वीला वेढून बसलेला सर्प होता आणि ती म्हातारी म्हणजे साक्षात वार्धक्य. हे वाचताना मराठी वाचकाला कशाची आठवण होईल? वनपर्वातल्या भीमाची! सौगंधिक कमळे आणायला निघालेला भीम, वाटेत आडवे पडलेले म्हातारे वानर, आणि ‘तूच बाजूला कर बाबा माझे शेपूट’ अशी त्याची विनवणी. दहा हजार हत्तींचे बळ असलेल्या वीराला ते शेपूट हलवता येत नाही. थॉरच्या पंगतीशेजारी बकासुराच्या गाड्यावर बसून त्याच्यासमोरच त्याचे अन्न खाणारा भीम ठेवून पाहा. थॉरच्या नवरीपणाशेजारी कीचकाची वाट पाहत अंधाऱ्या नृत्यशाळेत सैरंध्रीच्या जागी जाऊन पडलेला भीम ठेवा. लोककथेत तर त्याला लुगडेही नेसवले जाते. आपण मात्र भीम म्हटले की गदा आणि दुर्योधनाची मांडीच आठवतो.

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. त्यांचे देव गेले, त्यांना आता कोणी पूजत नाही, म्हणून त्यांची थट्टा चालते. आपले देव जिवंत आहेत, तेव्हा आपल्याला ती सोय नाही. वरवर हे बिनतोड वाटते. त्यातला लहान मुद्दा आधी सांगून टाकते. आइसलंडमध्ये या जुन्या देवांना मानणाऱ्यांचा पंथ १९७२ साली पुन्हा स्थापन झाला आणि १९७३ साली त्याला सरकारी मान्यताही मिळाली. तेव्हा थॉर अगदीच निपुत्रिक नाही. पण मोठा मुद्दा आपल्या घरचा आहे. देव जिवंत असताना, त्यांच्यापुढे हात जोडलेले असताना, त्यांची थट्टा करण्याची रीत ज्यांनी शेकडो वर्षे सांभाळली ते लोक आपणच आहोत.

तमाशाचा क्रमच बघा. आधी गण. गणपतीला नमन झाल्याशिवाय पुढे काही नाही. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट परब्रह्म अडवते आणि दाण मागते. त्याच्यासोबत बोबडा, वेडाबागडा पेंद्या. समोर लुगडे नेसलेला पुरुष, ती मावशी. ती त्या परब्रह्माची अशी काही झडती घेते की, फड हसून लोटपोट होतो. तोच प्रेक्षक आषाढीला पंढरीची वाट चालतो. त्याच्या भक्तीला ओरखडा गेल्याचे कोणी पाहिले आहे? तळकोकणात दशावतारी खेळात संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा हा दैत्य काळ्या वेषात मालवणीतून लोकांना हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो. ते नाटक देवळासमोर, जत्रेत होते. ‘गाढवाचं लग्न’ या हरिभाऊ वडगावकरांच्या वगात इंद्राच्या शापाने एक गंधर्व सावळ्या कुंभाराचे गाढव होतो आणि राजकन्येशी लग्न करीन म्हणतो. दादू इंदुरीकरांनी हा वग महाराष्ट्रभर गाजवला. स्वर्ग, शाप, राजकन्या, बोलणारे गाढव आणि त्याचा त्रासलेला मालक! विनोदी अद्भुत साहसकथा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

थट्टा आणि विटंबना यांत फरक आहे, तो या लोकांना कोणी शिकवावा लागला नाही. गण आधी, गवळण नंतर, या क्रमातच तो बसलेला आहे. ज्याला आधी नमस्कार केला, त्याचीच थट्टा करण्याचा अधिकार मिळतो. विटंबना करणाऱ्याला नमनाची गरजच वाटत नाही.

आता राम जोशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा सोलापूरचा कवी. घर शास्त्री-पुराणिकांचे, वडीलबंधू मुद्गल जोशी यांचे कथापुराणात नाव होते. त्या घरातला धाकटा मुलगा तमासगिरांच्या नादाला लागला, घराबाहेर पडला, पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृताचे अध्ययन केले असे सांगतात. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या त्याही त्यानेच, आणि डफ-तुणतुण्यावर लावणी उभी केली तीही त्यानेच. एका भावाने पुराण सांगायचे आणि दुसऱ्याने फडात उभे राहायचे, हे आपल्या गावात एका घरात घडले आहे. आपण मात्र राम जोशी म्हटले की शृंगारिक लावणी आणि फार तर १९४७ चा बोलपट, एवढ्यावर थांबतो. एकाच माणसाच्या अंगी कीर्तन आणि तमाशा सुखाने कसे नांदले, हा खरा प्रश्न आहे आणि तो आम्हाला परीक्षेत कधी येत नाही.

मला तो पडला मॅग्नस चेसच्या तिसऱ्या भागामुळे. त्या भागात शेवटचा सामना शस्त्रांनी होत नाही. जुन्या उत्तरेकडे एक रीत होती. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे आणि शब्दांनी एकमेकांची खांडोळी करायची. एड्डात एक अख्खे काव्य असे आहे, ज्यात भर मेजवानीत लोकी एकेका देवाला उभा करून त्याची लक्तरे काढतो. कादंबरीत मॅग्नसला या लोकीशीच असा सामना खेळायचा आहे. निंदेत त्याच्यापुढे कोण टिकणार? मॅग्नस हरत जातो, हरत जातो, आणि मग अपशब्द सोडून आपल्या साथीदारांचे गुण गाऊ लागतो. त्या स्तुतीने लोकी लहान लहान होत जातो. मला हे वाचताना कलगी-तुऱ्याचे फड दिसत होते. शिव मोठा की शक्ती मोठी, यावर रात्ररात्र सवाल-जवाब, उत्तर सुचले नाही तर हार. समुद्रापलीकडच्या एका मास्तराने दाखवल्यावर ते मला दिसावे, याचे वाईट वाटण्यापेक्षा मी त्या मास्तराचे आभारच मानते.

मग असा प्रश्न येतो की, त्यांच्याकडे या विनोदातून आजच्या मुलांची मालिका निघाली, आपल्याकडे का निघाली नाही? माझे मत असे की, त्यांच्याकडे कोणीतरी तो विनोद लिहून ठेवला. स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडच्या सरदाराने १२२० च्या सुमारास या कथा गद्यात उतरवल्या. तो स्वतः ख्रिस्ती होता, त्याच्या देशाने तो धर्म स्वीकारून दोनशे वर्षे होऊन गेली होती. तरीही थॉरला म्हातारीने गुडघ्यावर आणल्याचे त्याने गाळले नाही. काव्यांचे जे जुने हस्तलिखित आहे ते तेराव्या शतकातले, पंचेचाळीस पानांचे. ते शतकानुशतके डेन्मार्ककडे होते. १९७१ साली जहाजातून ते आइसलंडला परत आले, तेव्हा स्वागताला बंदरावर लोकांची गर्दी लोटली होती. एका पोथीसाठी! आणि त्या पोथीत नवरीच्या वेषातला देव बैल खातो आहे.

आपल्याकडे व्यासांचे महाभारत लिहिलेले आहे, मोरोपंतांच्या आर्या छापलेल्या आहेत. पण मावशीने कृष्णाला काय सुनावले, सोंगाड्याने यमाला कसे गुंडाळले, ते त्या रात्रीपुरते होते. बतावणी ही तर ऐनवेळी सुचायचीच गोष्ट. ती ऐकणारे हसले आणि घरी गेले. कागदावर गंभीर देव राहिले, हसरे देव हवेत विरले. नंतर दूरदर्शनवर १९८७ साली ‘रामायण’ आणि १९८८ साली ‘महाभारत’ सुरू झाले. आमच्या आईवडिलांच्या पिढीने रविवारची सकाळ त्यांना वाहिली आणि आमच्या पिढीला वारशाने मिळाले ते हेच देव: चकचकीत, संथ बोलणारे, कधीच न ठेचाळणारे. ते सुंदर होते यात वाद नाही. पण त्यांच्या दरबारात पेंद्याला प्रवेश नव्हता. आज एखाद्या मराठी लेखकाने मुलांसाठी भीमाची विनोदी कादंबरी लिहायला घेतली, तर त्याच्या हाताशी लिहिलेली परंपरा नाही, आणि मनाशी मात्र भीती आहे.

भीती खरी आहे, तिची मी चेष्टा करत नाही. पण पूर्वीच्यांनी काय केले तेही पाहावे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखसंग्रहाला नाव दिले ‘सुदाम्याचे पोहे’ आणि त्यात रूढींची भरपूर खिल्ली उडवली. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. त्यातला कीचक कोण हे प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारनेही ओळखले. १९१० साली त्यावर बंदी आली. ते नाटक विनोदी नव्हे. सांगायचे एवढेच की, पुराणकथा ही काचेच्या कपाटातली वस्तू नाही, ती वापरायची वस्तू आहे असे त्या पिढीला वाटत होते.

आपण वापरली नाही तर दुसरे वापरतात. रायर्डनच्याच पुढाकाराने निघालेल्या ग्रंथमालेत २०१८ साली रोशनी चोक्शी या लेखिकेची ‘आरू शाह’ मालिका सुरू झाली आणि २०२२ पर्यंत तिचे पाच भाग पूर्ण झाले. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली एक मुलगी लावू नये तो दिवा लावते आणि पांडवांचे आत्मे मुलींच्या रूपाने पुन्हा कामाला लागतात. त्यांचा गुरू कोण? कबूतर होऊन बसलेला आपला शकुनिमामा! मी खूप हसले. लेखिकेचे कौतुकही वाटले. आणि लगेच वाटले की, शकुनीला कबूतर व्हायला अटलांटापर्यंत जावे लागले. ते आपल्या पार्क चौकात का होऊ शकले नाही?

सोलापूरला तर अद्भुताचे वावडे कधीच नव्हते. दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत आपण काय करतो? कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, योग्याने आपला योगदंड पुढे केला आणि त्या दंडाशी तिचे लग्न लागले, या कथेचा सोहळा आपण साजरा करतो. उंच नंदीध्वज पेलत आणले जातात आणि हजारो माणसे अक्षता टाकतात. त्यात मराठी बोलणारे असतात, कानडी असतात, तेलुगूही असतात. दंडाच्या लग्नाला अक्षता टाकणाऱ्या गावाला बोलणाऱ्या तलवारीचे नवल सांगावे लागू नये.

मॅग्नसच्या मालिकेत समीरा नावाची एक मुलगी आहे. ती हिजाब घालते, नमाज पढते, तिसऱ्या भागात रमजानचे रोजे धरते आणि त्याच वेळी ओडिन या जुन्या देवाच्या सेवेत आकाशातून उडते. तिचे म्हणणे असे की, ईश्वर एकच आहे. हे ओडिन-थॉर म्हणजे बलाढ्य प्राणी, पण देव नव्हेत. कोणी तिला धर्म सोड म्हणत नाही आणि कोणी तिला परत जा म्हणत नाही. ती सर्वांत शूर आहे आणि सर्वांत वैतागलेलीही. आमच्या वर्गात ही मालिका वाचणाऱ्या ज्या पाचसहा जणी आहेत, त्यांना सगळ्यांत जास्त आवडते ती समीराच. आपल्या गावच्या गल्ल्यांतून जी माणसे रोज शेजारी राहतात, ती एका साहसकथेत एकत्र निघाली तर कशी वागतील, याचे उत्तर मराठीत वाचायला मला आवडेल.

म्हणून आम्ही काही जणींनी एक उद्योग सुरू केला आहे. मोडनिंब, पंढरपूर, अकलूज या भागांतून येणाऱ्या मैत्रिणींनी सुटीत घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून गवळणीतले आणि वगातले विनोद ऐकायचे व वहीत उतरवून आणायचे. जसेच्या तसे, गाळगूळ न करता. आतापर्यंत दोन वह्या भरल्या आहेत. त्यांतले काही विनोद या अंकात छापता येणार नाहीत, असे संपादकांनी आताच कळवले आहे.

दुसरा उद्योग त्याहून धाडसाचा. कादंबरीचा. तीत नारद सोलापूर स्टेशनावर सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट पाहत बसलेला आहे. उत्तरेकडच्या त्या जगवृक्षावर वरच्या गरुडाच्या शिव्या खालच्या सर्पाला आणि सर्पाच्या गरुडाला पोहोचवणारी एक खार असते, तिच्याशी त्याचा जुना पत्रव्यवहार आहे. बकासुर एकचक्रानगरी सोडून इकडे आला आहे आणि गाडाभर कडक भाकरी, शेंगाची चटणी मागतो आहे. भीमाला निरोप गेला आहे. तो म्हणतो, येतो, पण चटणी वाटेत संपली तर मला बोल लावू नका. पहिल्या प्रकरणाच्या आधी गण घालायचा, यावर सर्वांचे एकमत आहे. मावशीचे काम कोणी लिहायचे, यावर मात्र अजून भांडण चालू आहे.